‘अ‍ॅप टाकून दे ना जरा!’

‘शेअर ट्रेडिंगच्या आमिषाने निवृत्त अधिकाऱ्याला लाखोंचा गंडा.’ इंटर्नशिपला लागल्यापासून हा मथळा मी इतक्या वेळा लावलाय की आता फक्त उपनगर आणि आकडा बदलायचा बाकी असतो. पोलिसांकडून येणाऱ्या माहितीचा साचाही ठरलेला. फिर्यादीला एका ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं गेलं, तिथे टिप्स मिळाल्या, ‘लिंकद्वारे अ‍ॅप डाउनलोड करण्यास सांगितले’, वेगवेगळ्या खात्यांत पैसे भरायला लावले, पैसे काढायला गेल्यावर आणखी पैसे मागितले. गुन्हा दाखल, तपास सुरू. पुढची बातमी.

बातमीखालच्या कमेंट्सही ठरलेल्या. ‘हाव नडली.’ ‘एवढे शिकलेले लोक फसतात कसे यार?’ आणि हसून लोळणाऱ्या इमोजी.

मला त्या साच्यातलं एकच वाक्य खटकतं. अ‍ॅप डाउनलोड करण्यास सांगितले. सांगितलं त्यांनी, पण केलं कोणी? ज्या माणसाला फोनचा अपडेट आला तरी घरात हाक मारावी लागते, त्याच्या फोनमध्ये प्ले स्टोअरवर नसलेलं अ‍ॅप गेलं कसं? प्रत्येक केसमधलं मला माहीत नाही. पण आपल्या घरांमध्ये अ‍ॅप कोण टाकून देतं, हे आपल्या सगळ्यांना नीट माहिती आहे. ‘अरे, हे टाकून दे ना जरा, कसली तरी परवानगी मागतंय.’ आपण डोळे स्क्रीनवरून न काढता हात पुढे करतो. अलाव, अलाव, अलाव, डन. बाबा खूश, आपण परत आपल्या रीलवर.

तीन वेळा अलाव म्हणणारा तो अंगठा आपला असतो. पुढे जे जातं ते मात्र त्यांचं असतं. पीएफ, ग्रॅच्युइटी, गावाकडची जमीन विकून आलेले पैसे. त्यामुळे ट्रेडिंग अ‍ॅप सेफली कसं इन्स्टॉल करायचं, हा विषय ‘मी कुठे ट्रेडिंग करतो’ म्हणून सोडून देता येत नाही. घरातलं फुकटचं आयटी डिपार्टमेंट आपणच आहोत.

या बाबतीत सगळीकडे एकच सल्ला दिला जातो: अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. माझं म्हणणं असं की हा सल्ला बरोबर असूनही जवळपास निरुपयोगी आहे. कारण लिंक येते तेव्हा ती अनोळखी राहिलेली नसते. आधी ग्रुप येतो, अ‍ॅप खूप नंतर. दोन-तीन आठवडे रोज सकाळी गुड मॉर्निंग, बाजार उघडण्याआधी ‘सरां’चं विश्लेषण, दुपारी पाच-पन्नास जणांचे नफ्याचे स्क्रीनशॉट. कुणीतरी सरांचे आभार मानतं, कुणी मुलीच्या लग्नाचा खर्च निघाला म्हणून सांगतं. या मेंबरांपैकी बहुतेक जण टोळीचेच असतात. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती एव्हाना रोजची ओळखीची माणसं झालेली असतात. शेजारच्या काकांशी महिन्यातून एकदा बोलणं होतं, या सरांशी रोज. त्यात भर म्हणजे डीपफेक. एप्रिल २०२४ मध्ये एनएसईला आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांचे खोटे व्हिडिओ फिरतायत म्हणून जाहीर इशारा द्यावा लागला होता. व्हिडिओतला माणूस शेअर सुचवत होता, आवाज तोच, चेहरा तोच. त्याच महिन्यात बीएसईच्या प्रमुखांच्या बाबतीतही तेच झालं.

मग आपल्या हातात फोन येतो तेव्हा बघायचं काय?

पहिली गोष्ट, अ‍ॅप कुठल्या दारातून येतंय. लिंकवरून थेट फाइल उतरली आणि अँड्रॉइडने ‘अननोन अ‍ॅप्स’ इन्स्टॉल करायची परवानगी मागितली, तर ती एपीके फाइल आहे. सेबीकडे नोंदणी असलेला ब्रोकर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवून ट्रेडिंग सुरू करायला सांगत नाही. विषय संपला. आयफोनवाल्यांनी फार खूश होऊ नये. तिथे टेस्टफ्लाइट नावाच्या अ‍ॅपमधून ‘बीटा’ म्हणून असलं अ‍ॅप गळ्यात मारतात. टेस्टफ्लाइट खोटं नाही, ते अ‍ॅपलचंच आहे, डेव्हलपर लोकांना चाचणीसाठी दिलेलं. चाचणीच्या अ‍ॅपमध्ये रिटायरमेंटचे पैसे कोण टाकतं?

प्ले स्टोअरवर आहे म्हणजे अस्सल, असंही नाही. ब्रोकरच्या नावासारखं नाव, लोगोसारखा लोगो घेऊन तिथेही अ‍ॅप्स घुसतात, पकडली जाईपर्यंत राहतात. स्टार आणि रिव्ह्यू बघून काही कळत नाही, रिव्ह्यू विकत मिळतात. बघायचं ते डेव्हलपरचं नाव. त्याहून सोपं म्हणजे स्टोअरमध्ये सर्चच करायचं नाही. सेबीच्या किंवा एनएसईच्या वेबसाइटवरच्या यादीत ब्रोकर शोधायचा, तिथून त्याच्या अधिकृत वेबसाइटवर जायचं आणि तिथल्या बटणावरून स्टोअरमध्ये. दोन मिनिटं जास्त लागतात.

आणि परवानग्या. ट्रेडिंग अ‍ॅपला तुमच्या फोनमधले सगळे मेसेज वाचायची, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ चालू करायची गरज नसते. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की दुसरं कुणीतरी तुमच्या वतीने स्क्रीन वाचू शकतं, बटणं दाबू शकतं. दृष्टिहीन व्यक्तींसाठी केलेली ही सोय चोरांना फार आवडते. ‘खातं सुरू करून देतो, तेवढं स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. आदराने वगैरे बोलत बसायची गरज नाही.

आता तुम्ही बाबांना म्हणालात की हे खोटं वाटतंय, तर ते काय दाखवतात? सर्टिफिकेट. सेबीचा लोगो, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का असलेली पीडीएफ. म्हणजे त्यांनी चौकशी केलेली असते बरं का! ‘हाव नडली’ लिहिणाऱ्यांना हे कळत नाही. ज्यांना गंडवलं त्यांतल्या अनेकांनी ‘तुम्ही रजिस्टर्ड आहात का’ हा प्रश्न विचारलेला असतो, आणि उत्तरादाखल त्यांना एक सुंदर पीडीएफ मिळालेली असते. ब्रोकरचा क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने, इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायझरचा ‘आयएनए’ने. हे टोळीवाल्यांनाही पाठ असतं. ते एखाद्या खऱ्या कंपनीचा खरा क्रमांकच उचलून छापतात. म्हणून क्रमांक तपासून थांबायचं नाही. सेबीच्या यादीत त्या क्रमांकापुढे जो ईमेल आणि पत्ता दिलाय, त्यावर विचारायचं की हा ग्रुप तुमचा आहे का.

खरं सांगू का, अ‍ॅप कितीही बघितलं तरी एका मर्यादेपलीकडे ते बघून कळत नाही. खोट्या अ‍ॅपमधले भाव खरे असू शकतात. चार्ट हलतो, हिरवा-लाल होतो, पोर्टफोलिओ वाढतो. वाढणारच, तो आकडा त्यांनीच टाइप केलेला असतो. ‘आधी थोडे पैसे काढून बघितले, आले’ हाही पुरावा नव्हे. पहिले पाच-दहा हजार ते मुद्दाम परत देतात, गळाला लावलेलं आमिष म्हणून. आपल्याला वाटतं आपण त्यांची परीक्षा घेतली. त्यांच्या वहीत तो धंद्याचा खर्च असतो.

म्हणून अ‍ॅपकडे नाही, पैशाकडे बघा. खरे शेअर्स अ‍ॅपमध्ये नसतातच मुळी. ते डिमॅट खात्यात असतात आणि डिमॅट खातं असतं सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे. अ‍ॅप ही फक्त खिडकी. ब्रोकरचं अ‍ॅप उद्या उडवून टाकलं तरी सीडीएसएलच्या ‘ईझी’ सुविधेत लॉगिन करून तुमचे शेअर्स तुम्हाला दिसतात. डिपॉझिटरीकडून स्टेटमेंट ईमेलवर येतं, सौदा केला की एक्स्चेंजकडून मेसेज येतो, ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते. इतके कागद चारी बाजूंनी येतात की वैताग येतो. खोट्या अ‍ॅपमध्ये लाखांचे शेअर्स असूनही बाहेरून एक ओळसुद्धा येत नाही. बाबांना विचारायचा प्रश्न ‘अ‍ॅप कुठलं’ हा नाही. ‘तुमचा डिमॅट नंबर काय?’ हा आहे. सोळा अंकी असतो. एनएसडीएलचा असेल तर सुरुवातीला ‘आयएन’ ही अक्षरं आणि पुढे चौदा अंक.

यावर सरांचं उत्तर तयार असतं: आपलं ‘इन्स्टिट्यूशनल अकाउंट’ आहे, परदेशी गुंतवणूकदारांच्या कोट्यातून, त्याला डिमॅट लागत नाही, शेअर स्वस्तात मिळतात. ऐकायला किती व्हीआयपी वाटतं! फेब्रुवारी २०२४ मध्येच सेबीने स्पष्ट केलंय की परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणुकीचा मार्ग भारतात राहणाऱ्या माणसासाठी नाहीच, नियमात ठरवून दिलेले मोजके अपवाद सोडले तर. आणि शेअर बाजारात ‘इन्स्टिट्यूशनल अकाउंट’ अशी काही सोय नाही. थोडक्यात, सर जी दारं उघडून देतायत, ती त्या इमारतीला नाहीतच.

दुसरा लाडका प्रकार आयपीओचा. ‘अभिनंदन, तुम्हाला अमुक लाखांचे शेअर्स अलॉट झालेत, आता पैसे भरा, नाही भरले तर खातं गोठेल, सिबिल खराब होईल.’ माणूस घाबरतो, उसने पैसे काढून भरतो. खऱ्या आयपीओत क्रम बरोबर उलटा असतो. अर्ज करतानाच पैसे तुमच्याच बँक खात्यात ब्लॉक होतात, जागचे हलत नाहीत. शेअर मिळाले तर तेवढे कापले जातात, नाही मिळाले तर ब्लॉक उठतो. मिळाल्यानंतर पैसे भरा म्हणून कुणी दमदाटी करत नाही. चांगल्या आयपीओत एक लॉट लागला तरी लोक पेढे वाटतात, इथे हजारो शेअर्स कसे लागले हा प्रश्न वेगळाच.

पैसे कुठल्या नावाने जातायत, हेही बघा. ब्रोकरकडे पैसे भरायचे तर ते ब्रोकरच्या नावाच्या खात्यात जातात, आणि तेही तुमच्या नोंदवलेल्या बँक खात्यातूनच. काढतानाही तिथेच परत येतात. इकडे मात्र आज एका ‘ट्रेडर्स’च्या खात्यात भरा, उद्या एका ‘एंटरप्रायझेस’च्या, परवा कुणा व्यक्तीच्या. विचारलं तर ‘खात्याची लिमिट संपली’. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने एक चांगली सोय केलीय, आणि तिची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही असं मला वाटतं. गुंतवणूकदारांकडून पैसे घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना खास यूपीआय आयडी दिलेत. त्यात ‘@’ च्या पुढे इंग्रजीत ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि मग बँकेचं नाव. ब्रोकर असेल तर ‘@’ च्या आधी ‘बीआरके’ ही तीन अक्षरं. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. ‘सेबी चेक’ या सुविधेत यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून खातरजमाही करता येते. सेबीच्या ‘सारथी’ अ‍ॅपमध्येही ती आहे. घरच्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून द्यायचंच असेल, तर आधी हे टाका.

आणि पैसे काढायच्या आधी ‘टॅक्स भरा’, ‘कमिशन भरा’ असं आलं की समजा खेळ संपलाय. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी हे सगळं कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येच कापून येतं. नफ्यावरचा इन्कम टॅक्स आपण सरकारला भरतो, टेलिग्रामवरच्या मॅडमना नाही.

इथपर्यंत आई-बाबा. आता आपण.

अस्सल ब्रोकर, अस्सल अ‍ॅप, डबल लॉगिन, सगळं केलं. झालं सेफ? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. आणि या ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे सगळं खऱ्या अ‍ॅपवर झालंय, सगळे नियम पाळून. त्यामुळे ‘आमचं अ‍ॅप जेन्युइन आहे भाई’ म्हणणाऱ्या मित्राचं मला फारसं कौतुक नाही. खातं उघडताना फ्युचर्स-ऑप्शन्सचा पर्याय येतो, त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात. उत्पन्न कुणाचं? घरून आलेल्या मेसच्या पैशांचं बँक स्टेटमेंट जोडून ऑप्शन्स चालू करणारी पोरं आहेत. तो सेगमेंट चालूच न करणं हीसुद्धा एक सेफ्टी सेटिंग आहे, आणि माझ्या मते फिंगरप्रिंट लॉकपेक्षा जास्त कामाची.

कॉलेजांबद्दलही बोललंच पाहिजे. ‘फ्री स्टॉक मार्केट वर्कशॉप’ नावाखाली सेमिनार हॉलमध्ये काय चालतं ते आपण पाहिलंय. पहिला अर्धा तास कंपाउंडिंग, पुढचा अर्धा तास सरांची गाडी, शेवटी स्क्रीनवर क्यूआर कोड. स्कॅन करा, ग्रुप जॉइन करा. समोर प्राध्यापक बसलेले, मागे कॉलेजचा बॅनर. त्या बॅनरमुळे तो कोड विश्वासाचा होतो. वक्त्याचा नोंदणी क्रमांक विचारल्याशिवाय हॉल देऊ नये, इतकी साधी अपेक्षाही जड का वाटते? जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार, जे फक्त ‘शिक्षण’ देतात म्हणतात, त्यांना एखाद्या शेअरबद्दल सांगताना गेल्या तीन महिन्यांतले भावसुद्धा वापरता येत नाहीत. ‘एज्युकेशनल पर्पज’ असं कोपऱ्यात लिहून आजचा चार्ट दाखवणाऱ्या रील्सचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. खरंच शिकायचं असेल तर एनआयएसएम ही सेबीची संस्था आहे, पाताळगंगेला, रायगड जिल्ह्यात. तिथली सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे. तिच्या शेवटी क्यूआर कोड नाही, हे तिचं दुर्दैव.

अजून एक धंदा कट्ट्यावर चालतो, त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. ‘तुझं बँक अकाउंट वापरायला दे, महिन्याला इतके देतो.’ पासबुक, एटीएम, सिम, सगळं घेऊन जातात. बाबांच्या वयाच्या कुणाचे तरी पैसे ज्या ‘वेगवेगळ्या खात्यांत’ गेले, ती खाती अशीच येतात. सर कुठल्या देशात बसलेत ते कळायला वेळ लागतो, पण खातं ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता केवायसीत स्पष्ट असतो. पोलीस आधी तिथे पोहोचतात. मी वाचलेल्या प्रेसनोटांमध्ये अटक झालेल्यांची वयं बघून एकदा तरी थबकायला होतं; ती आपली वयं असतात.

आणि घरात कुणी आधीच अडकलं असेल तर? तेव्हा ‘मी सांगितलं होतं ना’ हे गिळा. लोक तक्रार करायला उशीर करतात ते चोराला घाबरून नाही, घरच्यांना घाबरून. तोवर पैसे पाच खाती ओलांडून गेलेले असतात. लगेच १९३० वर फोन लावा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. पैसे पुढे काढले गेले नसतील तर ते खात्यातच गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. अ‍ॅप रागाने डिलीट करू नका, ग्रुप सोडू नका. आधी चॅट, खाते क्रमांक, अ‍ॅपमधले आकडे यांचे स्क्रीनशॉट घ्या, बँक स्टेटमेंटमधून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक उतरवून घ्या, फोनचं नेट बंद करा आणि बँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. हे सगळं बाबांना एकट्याने जमणार नाही. फोन तुमच्या हातात घ्या आणि पोलीस ठाण्यात त्यांच्या शेजारी बसा.